मालनच्या नावाची पर्ची

कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होतो. मालन गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं आहे. माझा मुलगा अश्वजीत मोबाइलवर वाचत वाचत अंगणात आला आणि म्हणाला, "बाबा, क्लेम रिजेक्ट झाला."

"काहून?"

पत्र इंग्रजीत होतं. त्यानं अर्थ सांगितला. विमा घ्यायच्या आधीपासून मालनला बीपीचा आजार होता, तो तिनं फॉर्मवर लिहिला नाही. आजार लपवून घेतलेल्या विम्यावर दवाखान्याचा खर्च मिळत नाही.

"लपवला म्हणजे?"

"मतलब झूठ बोली, बाबा. आईनं खोटं सांगितलं, असं म्हणून राहिले ते."

हातातला टॉवेल मी न पिळताच दोरीवर टाकला. पैशाचा विचार नंतर आला. आधी मनात आलं ते एवढंच, की माझ्या बायकोला कोणीतरी शिक्का मारून खोटारडी म्हटलं आहे आणि उत्तर द्यायला ती नाही. आता ते उत्तर मला द्यायचं होतं.

माझं नाव नारायण गजभिये. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. माझे वडील सरकारी फॅक्टरीत लागले म्हणून जबलपूरला आले आणि इथलेच झाले. त्यांना फॅक्टरीचा दवाखाना होता. साधा खोकला आला तरी कार्ड घेऊन जायचे आणि बाटली घेऊन यायचे. मी खाजगी कारखान्यात लेथवर जन्म काढला. मला कार्ड नव्हतं. म्हणून विमा घ्यायचा हट्ट मालनचा होता. "तुमचं माझं काही झालं तर पोराच्या डोक्यावर नको," म्हणाली. ब्लाउज शिवून आलेल्या पैशातून पहिला हप्ता तिनं भरला.

त्या दिवशी बँकेत फॉर्म भरायला मी तिच्या शेजारीच बसलो होतो. फॉर्म भरणाऱ्या पोरानं एकेक आजाराचं नाव घेतलं, शुगर, बीपी, दमा, आणि ती प्रत्येकाला नाही म्हणाली. मग तो सही घ्यायला लागला तर हिनं पेन हातात धरलं आणि म्हणाली, "भैया, घुटना दुखता है. वो भी लिखो."

"आंटी, घुटना तो सबका दुखता है."

"सबका दुखता होगा, मेरा भी दुखता है. लिखो."

त्यानं हसत लिहिलं. तेव्हाच तिनं सही केली. घरी येताना मी म्हणालो, "गुडघा कायले लिहायला लावला?" तर म्हणाली, "उद्या म्हणतील सांगितलं नाही."

अशी बाई.

ती गेली त्याची हकीकत मोठी नाही. संध्याकाळी कणीक मळत असताना छातीत दाबल्यासारखं झालं. अश्वजीतनं ऑटो आणला. दवाखान्यात काउंटरवरच्या माणसानं सांगितलं, "विमा है ना? तो चिंता मत करो, कैशलेस हो जाएगा. पुराने जितने कागज हैं, सब ले आइए." कॅशलेस म्हणजे आपण पैसे भरायचे नाहीत, कंपनी परस्पर दवाखान्याला देते. मी धावत घरी आलो. कपाटात मालनची कापडी थैली होती, तिच्यात तिचे कागद असायचे. मी थैली उघडूनही पाहिली नाही, तशीच नेऊन काउंटरवर ठेवली. खोली कोणती, असं विचारलं तेव्हा एकच मोठी खोली रिकामी होती, ती घेतली. त्या वेळी कोणी खोलीचं भाडं विचारतं काय?

स्टेंट टाकला. आयसीयूत नेलं. दुसऱ्या दिवशी काउंटरवरचा माणूस म्हणाला, कॅशलेस नामंजूर झालं, आता तुम्ही भरा आणि नंतर कंपनीकडून मागून घ्या. अश्वजीतनं कर्ज काढलं. माझ्याजवळ होतं ते मी दिलं. मालन आयसीयूतून घरी आली नाही.

मालनचं पुण्यानुमोदन झाल्यावर आम्ही सगळी बिलं लावून अर्ज पाठवला. त्याचं उत्तर म्हणजे हे पत्र.

अश्वजीत म्हणाला, "छोड़ो बाबा. कर्ज मी फेडतो. आईचं नाव घेऊन कुठं भांडत बसायचं?"

"नाव तिचंच खराब करून राहिले. मग भांडायचं कोणाचं नाव घेऊन?"

मी कंपनीच्या ऑफिसात गेलो.

तिथला साहेब तरुण होता. वाईट नव्हता. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि फाइल माझ्याकडे वळवली. तिच्यात तीन पर्च्या होत्या. तिन्हींवर आमच्या बुद्ध विहाराचा शिक्का. दर वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला विहारात आरोग्य शिबिर होतं, मेडिकल कॉलेजची मुलं येऊन तपासतात आणि पर्ची देतात. तीन वेगवेगळ्या वर्षांच्या पर्च्या होत्या, एक विम्याच्या आधीची आणि दोन नंतरच्या. तिन्हींवर नाव मालनबाई गजभिये, फोन नंबर आमचाच, आणि खाली बीपी वाढलेलं.

"ये आपकी ही दी हुई थैली से निकली हैं, अंकल," तो म्हणाला. वर त्यांचा माणूस स्टेशनजवळच्या मेडिकलमध्येही जाऊन आला होता. दुकानदारानं लिहून दिलं होतं की मालनबाई दर महिन्याला बीपीच्या गोळ्या नेत होत्या.

मी पर्च्या हातात घेऊन बराच वेळ पाहिल्या. डॉक्टरांचं अक्षर मला लागत नाही, पण नाव लागलं. मग उठून आलो.

खरं सांगतो, त्या दिवशी मलाही शंका आली. मदन महालच्या चढावर सायकल हातात धरून चालताना मी तेच घोकत होतो. दर महिन्याला गोळ्या. मला कधी दिसल्या नाहीत. ती बीपीची होती आणि मला सांगितलं नाही? एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि मला माहीत नाही? कंपनीचा राग कमी झाला आणि मालनचा राग यायला लागला. फोटोकडे पाहून मी म्हणालोसुद्धा, "गुडघा सांगितला न, मग हे काहून नाही सांगितलं?" फोटोत ती नेहमीसारखी ऐसपैस बसली होती. मालन अंगानं भारी होती, फोटोवाल्याला म्हणायची, पूर्ण येऊ दे, अर्धी कापू नको.

अनसूया आमच्या गल्लीतच राहते. सरकारी शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधते. मालन गेल्यापासून ती दर दोन-चार दिवसांनी भाजीची वाटी घेऊन यायची, दारात उभी राहायची, काहीतरी बोलायचं असल्यासारखं करायची आणि "चला, येते भाऊजी" म्हणून जायची. मला वाटायचं, दुःखात आहे, तिची मैत्रीणच गेली.

ऑफिसातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. वाटी ठेवली. उभी राहिली.

"भाऊजी, ताईची ती कापडी थैली असायची न... ती कुठं आहे?"

मी वैतागलोच. "सगळ्या दुनियेले ती थैलीच पाहिजे! काय आहे त्या थैलीत?"

अनसूया घाबरली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माझ्या गोळ्या संपल्या जी."

"कोणत्या गोळ्या?"

"बीपीच्या."

"तुझ्या गोळ्या मालनच्या थैलीत कायले?"

ती खालीच बसली, उंबऱ्यावर. मग सगळं सांगितलं. शिबिरात बायका तपासायला बसतच नव्हत्या. बीपी निघालं तर घरात कळेल, गल्लीत कळेल. अनसूयाला भीती होती की शाळेत कळलं तर म्हणतील, बीपीवाली बाई, चुलीपुढं चक्कर येऊन पडली तर? उद्यापासून येऊ नको. म्हणून ती शिबिराच्या दिवशी विहाराच्या मागं भांडी घासत बसायची. मालननं तिला हाताला धरून आणलं आणि मेडिकल कॉलेजच्या पोराला म्हणाली, इसका तपासो, नाव मेरा लिखो.

"आणि त्यानं लिहिलं?"

"भाऊजी, एवढी रांग, एवढा गोंधळ. तो कायले विचारते? ताईनं नाव सांगितलं, नंबर सांगितला, त्यानं लिहिलं. पर्ची ताईजवळच राहायची. गोळ्या ताईच आणायची. दर रविवारी विहारात वंदना झाली की हळूच पुडी हातात द्यायची आणि विचारायची, खाल्ली का? नाही खाल्ली तर अशी बोलायची की बस."

"मालनला स्वतःला बीपी होतं?"

"ताईला?" अनसूया मला वेडा समजल्यासारखी बघायला लागली. "ताईचं तर सगळ्यात आधी तपासायचे. आम्हाला दाखवायला ती पहिली बसायची. एकदम ठीक, स्वतःची पर्चीही घ्यायची नाही. म्हणायची, पाहा, मशीन चावत नाही."

मला हसू आलं आणि रडूही आलं. कालच्या रागाची लाज वाटली, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ही, की माझी बायको मला परत मिळाली होती, होती तशीच.

"अशा किती जणी आहेत?"

"ते मी नाही सांगणार," अनसूया म्हणाली. "माझं मी सांगितलं."

"तू हे कंपनीला लिहून देशील?"

तिचा चेहरा उतरला. शाळेचं आलं तिच्या डोळ्यांपुढं, ते मला दिसलं. मी म्हणालो, "राहू दे. गोळ्यांचं नाव सांग, मी आणून देतो." आणि आणून दिल्या.

अश्वजीतला सांगितलं तर तो उडालाच. "बाबा, बस! केस खतम! त्या बायकांकडून लिहून घ्या."

"नाही."

"काहून नाही?"

"तुझ्या आईनं त्यांचं झाकलं होतं. मी उघडं करू? तिनं मरेपर्यंत मलाही सांगितलं नाही, म्हणजे किती पक्कं वचन असेल."

"मग जिंकणार कसे? बिना सबूत के?"

तरी मी अर्ज केला. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लिहिलं. महिनाभरानं तेच उत्तर आलं. मग विमा लोकपालाकडे. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, म्हणून सांगून ठेवतो. कंपनीनं दाद दिली नाही तर लोकपालाकडे जाता येतं. फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आपलं आपण बोलायचं. आमच्याकडचं ऑफिस भोपाळला आहे, पण सुनावणी व्हिडिओवर होते. अर्जात मी एवढंच लिहिलं की माझ्या पत्नीला बीपी नव्हतं, पर्च्या तिच्या नावाच्या आहेत पण तिच्या नाहीत. कोणाच्या आहेत ते लिहिलं नाही. अश्वजीतनं कपाळाला हात लावला.

सुनावणीची तारीख आली. आदल्या रविवारी वंदनेनंतर मी विहारात उभा राहिलो. बोलायची सवय नाही मला. म्हणालो, "बुधवारी सकाळी माझ्या घरी व्हिडिओवर सुनावणी आहे. कंपनी म्हणते मालन खोटं बोलली. ती बोलली नाही, हे मला माहीत आहे. मी कोणाचं नाव घेणार नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. जयभीम."

लोक सतरंजी गोळा करायला लागले. मला वाटलं, ठीक आहे.

बुधवारी अश्वजीतनं सुट्टी घेतली. टेबलावर लॅपटॉप ठेवला. मालनचा फोटो भिंतीवर होता, मी म्हणालो, खुर्ची अशी ठेव की ती दिसली पाहिजे. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. सुनावणी सुरू व्हायच्या थोडी आधी दारात चपला वाजल्या.

अनसूया होती. पांढरी साडी नेसून, विहारात येते तशी. तिच्या मागं सत्यवतीबाई, आमच्या वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, वाळलेल्या काडीसारख्या. त्यांच्या मागं त्यांची सून ममता. तिघींच्याही पांढऱ्या साड्या.

"अनसूया, शाळा?"

"सांगून आली," ती म्हणाली. "काल मोठ्या बाईंना सरळ सांगितलं, मले बीपी आहे, ठेवायचं तर ठेवा नाही तर नका ठेवू. तर त्या काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, अरे, मुझे भी है. कौनसी गोली लेती हो?"

सत्यवतीबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "नारायणा, मले कोणत्या बाजूनं बोलायचं? या डबड्यात पाहून?"

"आत्या, तुम्ही पण?" मी विचारलं.

"मी पण म्हणजे? सगळ्यात पहिली मीच. माझ्या पोरांना कळलं असतं तर दसऱ्याला दीक्षाभूमीला जाऊ दिलं नसतं. म्हणाले असते, आई, तुले बीपी आहे, नागपूर नको, गर्दी नको. मग मालन म्हणाली, आत्या, माझं नाव लिहू. गोळी खायची आणि नागपूरला जायचं. जाऊन राहिली न मी!"

ममता अजून दारातच उभी होती. सासूचं बोलणं ऐकून तिचे डोळे मोठे झाले होते. मला तेव्हा कळलं नाही का ते.

पडद्यावर लोकपाल साहेब आले. दुसऱ्या चौकोनात कंपनीचा तो तरुण साहेब. कंपनीनं आधी मांडलं. तीन पर्च्या, मेडिकलवाल्याचं लेखी, विम्याच्या आधीपासूनचा आजार. ऐकताना सगळं खरंच वाटत होतं.

"गजभिये जी, अब आप बोलिए."

मी आदल्या दिवशी पाठ केलं होतं ते सगळं विसरलो. जे आठवलं ते बोललो. "साहब, मेरी पत्नी ने फॉर्म में घुटने का दर्द भी लिखवाया था. जो घुटना नहीं छुपाती, वो बीपी क्यों छुपाएगी? फॉर्म देख लीजिए."

लोकपाल साहेबांनी कंपनीला फॉर्म दाखवायला सांगितलं. तरुण साहेबानं पानं उलटली. थांबला. म्हणाला, "सर, घुटने का दर्द लिखा है."

"लिखा है," लोकपाल साहेब म्हणाले आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. "लेकिन गजभिये जी, पर्चियों पर नाम तो इन्हीं का है. आप कहते हैं उनकी नहीं हैं. तो फिर किसकी हैं?"

मी गप्प बसलो. अश्वजीत टेबलाखालून माझा पाय दाबत होता. मी तरी गप्प.

"सर, एक मेरी है," मागून आवाज आला.

अनसूया पुढं आली. तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, कोणत्या शाळेत रांधते ते सांगितलं. मग म्हणाली, "बीपी मेरा है. नाम दीदी का दिया था, क्योंकि मैं डरती थी. दवाई भी मैं ही खाती थी. दीदी मर गई तो मेरी गोली बंद हो गई थी, साहब. उनकी होती, तो मेरी क्यों बंद होती?"

कंपनीचा साहेब म्हणाला, हे आता कोणीही येऊन म्हणू शकतं. याला पुरावा काय?

"अरे, हा काय म्हणते?" सत्यवतीबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या लॅपटॉपच्या इतक्या जवळ गेल्या की पडद्यावर फक्त त्यांचं कपाळ दिसत असेल. त्यांची हिंदी आमच्या सगळ्यांपेक्षा कच्ची. पण जोरात बोलल्या, "साहब! वो जो सबसे पुरानी पर्ची है, वो मेरी है. उसमें वजन लिखा है न? कितना लिखा है?"

लोकपाल साहेबांनी चष्मा वर केला, पर्ची डोळ्यांजवळ नेली. "चालीस किलो."

"चालीस! तपासनेवाला लड़का हँसा था, बोला दादी, आपको तो हवा उड़ा ले जाएगी. अब साहब, ऊपर देखो." आणि त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "ये मालन है. ये चालीस की दिखती है क्या?"

लोकपाल साहेब फोटोकडे बघत राहिले. फोटोत मालन पूर्ण आली होती, अर्धी कापली नव्हती. साहेबांनी तोंडावर हात ठेवला, पण हसू दिसलंच. कंपनीच्या साहेबानं आपल्यासमोरची पर्ची पाहिली, मग फोटो पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"और तीसरी?" लोकपाल साहेबांनी विचारलं.

दारातून ममता हळूच म्हणाली, "तीसरी मेरी है, सर."

सत्यवतीबाई खुर्चीवरून वळल्या. "तुले पण बीपी आहे?"

"तुम्हाला पण आहे, मला कुठं माहीत होतं, आई!"

"घरात दोघींनी एकच गोळी खाल्ली आणि दोघींनी लपवून खाल्ली?"

"तुम्ही कुठं ठेवत होत्या?"

"तांदळाच्या डब्यात."

"मी डाळीच्या."

अश्वजीत हसता हसता टेबलावर वाकला. लोकपाल साहेबांनी सगळ्यांना शांत व्हायला सांगितलं, पण त्यांना स्वतःलाही वेळ लागला. मग गंभीर होऊन म्हणाले, तिघींनी हे लेखी द्यावं, आपल्या आताच्या तपासणीचे कागद जोडावे. दुसऱ्याच्या नावानं औषध घेणं चांगलं नाही, त्यानं जीवही जाऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं. ते बरोबरच होतं. तिघींनी माना हलवल्या.

शेवटी ते म्हणाले, "गजभिये जी, आपको मालूम था पर्चियाँ किसकी हैं. आपने अर्जी में लिखा क्यों नहीं?"

मी म्हणालो, "साहब, वो बात मेरी नहीं थी."

निकाल यायला काही आठवडे गेले. पत्र आलं तेव्हा मी योगायोगानं पुन्हा दोरीजवळच होतो. अश्वजीत धावत आला. या वेळी त्यानं आधी ओरडून सांगितलं आणि मग वाचलं. विमाधारकानं आजार लपवला हे कंपनी सिद्ध करू शकली नाही. क्लेम मान्य. पैसे व्याजासह द्यावे.

"ते पहिलं वाक्य पुन्हा वाच," मी म्हणालो.

त्यानं वाचलं.

"आता मराठीत सांग."

अश्वजीतला मराठी समजते, पण बोलताना अर्ध्यात हिंदी येते. या वेळी त्यानं थांबून, शब्द शोधून सांगितलं. "आईनं काहीच लपवलं नव्हतं."

मी उरलेले कपडे वाळत घातले. एकही सुरकुती राहू दिली नाही.

पैसे आले ते मात्र पूर्ण आले नाहीत. मी हिशेब मागितला. तोपर्यंत मी पॉलिसीचं पुस्तक बसून वाचून काढलं होतं, अश्वजीतकडून एकेक ओळ समजून घेत. आमच्या विम्यात खोलीच्या भाड्याला मर्यादा होती आणि आम्ही त्याहून महाग खोली घेतली होती. अशा वेळी फक्त भाड्याचाच नाही, डॉक्टरांच्या फीचा आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. हे मला खोली घेताना कोणी सांगितलं नव्हतं. पण कंपनीनं तीच कात्री औषधांवर आणि स्टेंटवरही चालवली होती, आणि तिथं ती चालत नाही. मी पत्र लिहिलं. पंधरा दिवसांत तेवढे पैसे परत आले, पत्रासोबत त्या तरुण साहेबाचा फोनही. म्हणाला, "अंकल, गलती हो गई थी." मी म्हणालो, "भैया, अगली बार वजन देख लिया करो." तो हसला.

अश्वजीतचं कर्ज फिटलं. रविवारी विहारात वंदनेनंतर ते एक वाक्य सगळ्यांसमोर वाचलं. सत्यवतीबाई म्हणाल्या, "टाळ्या वाजवायच्या की नाही? मालनचा निकाल आहे, असं गप्प काय बसता!" मग इतक्या टाळ्या वाजल्या की बाहेर रस्त्यावरचे लोक डोकावून गेले.

आता गल्लीत कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की आधी माझ्याकडे येतात. मी तीनच गोष्टी सांगतो. फॉर्मवर गुडघासुद्धा लिहा. खोली घेण्याआधी आपली मर्यादा विचारा. आणि कागदांची थैली उघडून पाहिल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नका.

यंदाच्या जयंतीला शिबिराच्या टेबलापुढं बायकांची रांग दारापर्यंत होती. मेडिकल कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "नाम?" पहिल्या नंबरवर सत्यवतीबाई. त्यांनी नाव सांगितलं ते स्टेशनपर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात. मागं ममता. तिनंही सांगितलं. कोणी मालनचं नाव घेतलं नाही. माझ्या मनाला ते क्षणभर लागलं, आणि मग बरं वाटलं. तिचं नाव आता तिच्या एकटीचं होतं.

मी बाजूला खुर्च्या लावत होतो. अनसूया म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कधी तपासलं?"

"मला काय झालं?"

"बसा म्हणते न. मशीन चावत नाही."

बसलो. मुलीनं पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. म्हणाली, "दादाजी, थोड़ा बढ़ा हुआ है."

अनसूयानं कमरेवर हात ठेवले. अगदी मालनसारखे.

"पर्चीवर कोणाचं नाव लिहायचं, भाऊजी?"

"माझं," मी म्हणालो. "नारायण गजभिये. नीट लिहा, पुढच्या हप्त्याच्या वेळी कंपनीला कळवायचं आहे. आणि गुडघाही लिहा. मलाही दुखतो."